हेल्डरच्या गुत्त्यातला सुवर्णमहोत्सव

एखादा माणूस जाऊ नये असं वाटत असेल तर त्याला 'जाऊ नका' म्हणावं. उपाय साधा आहे आणि जगात इतर ठिकाणी लोक तो वापरतही असतील. मी त्याऐवजी एका ऐतिहासिक गुत्त्यात वाद्यवृंद बसवला, नगरपालिकेच्या पायऱ्या झिजवल्या, स्वतःचं लग्न सात वर्षांनी जुनं करून घेतलं आणि शेजाऱ्याला ड्रम वाजवायची सवय लावली. यातली शेवटची गोष्ट अजून चालू आहे.

जाणारा माणूस म्हणजे ताचो रांगेल. त्याच्या आणि माझ्या परसात फक्त एक तारेचं कुंपण आहे. संध्याकाळी ऊन कललं की मी हिरवळीला पाणी घालायला नळी घेऊन उभा राहायचो आणि कुंपणापलीकडे ताचो मागच्या ओसरीवर खुर्ची टाकून अकॉर्डियन वाजवायचा. तो काही माझ्यासाठी वाजवत नव्हता, आणि मीही त्याच्यासाठी पाणी घालत नव्हतो. पण एका उन्हाळ्यात पाण्यावर बंदी आली, तेव्हा मी कोरडी नळी हातात धरून तासभर उभा असल्याचं माझ्या बायकोने पाहिलं आहे, आणि ते ती अजून पाहुण्यांना सांगते.

मग एका संध्याकाळी पलीकडून काहीच ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी बातमी आली. ताचोची मुलगी अरासेली देशाच्या पार उत्तर टोकाला, मिनेसोटात असते, जिथे आमच्याकडे धूळ असते तितका बर्फ असतो. तिने वडिलांसाठी तळ्याकडे खिडकी असलेली खोली तयार केली होती. बायको गेल्यापासून ताचो एकटाच राहत होता. पुढच्या महिनाअखेरीला तो जाणार होता.

"मग सांग ना त्यांना, जाऊ नका म्हणून," माझी बायको एनेदिना म्हणाली.

हे ती म्हणाली याचंच मला आश्चर्य वाटलं. ती काही परक्या मुलखातून आलेली नाही. अरासेलीच्या बाप्तिस्म्याच्या वेळी त्या बाळाला हातांवर घेऊन पाण्यापाशी मी उभा होतो. ती माझी धर्मकन्या. त्या क्षणापासून ताचो आणि मी कोंपाद्रे झालो, म्हणजे एकाच मुलीचे बाप, एक जन्माचा आणि एक धर्माचा. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत आम्ही दोघं मिळून कलिंगडं चोरत होतो आणि एकमेकांना ज्या नावांनी हाका मारायचो ती इथे लिहिता येणार नाहीत. बाप्तिस्मा झाला आणि चर्चच्या पायऱ्या उतरताना आम्ही एकमेकांना 'अहो कोंपाद्रे, जरा जपून' असं म्हणालो. तेव्हापासून अहो-जाहो.

आणि कोंपाद्रेने मागितलेली गोष्ट नाकारता येत नाही. येत नाही म्हणजे येतच नाही. एकदा ताचोने मला सहज विचारलं होतं, बोकड दोन दिवस ठेवून घ्याल का. मी घेतला. ते दोन दिवस मोजायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही आणि आठवण करून देणं मला शोभलं नसतं. तो बोकड माझ्याकडे म्हातारा होऊन वारला. तेव्हापासून आम्ही दोघंही एकमेकांकडे काही मागण्याच्या बाबतीत फार काटकसरीने वागतो.

"मी म्हटलं तर त्यांना राहावंच लागेल," मी एनेदिनाला म्हणालो.

"मग बरंच आहे की."

"आणि अरासेली?"

एनेदिनाने माझ्या ताटात आणखी एक तोर्तिया वाढली. आमच्या घरात वादाचा निकाल असाच जाहीर होतो.

तेव्हा ठरवलं ते असं. मागायचं काही नाही, म्हणायचं काही नाही. ताचोला त्याच्याच मनाने राहावंसं वाटेल अशी व्यवस्था करायची. आम्ही तरुण होतो तेव्हा 'मेदिनाचे ससाणे' हा ताचोचा ताफा रविवारी दुपारी हेल्डरच्या गुत्त्यात वाजवायचा आणि सगळं गाव नाचायला यायचं. या दुपारच्या नाचाला आम्ही तार्देआदा म्हणतो. एनेदिना मला तिथेच भेटली. मी तिच्या पायावर पाय दिला आणि ती म्हणाली, दुसरा राहिलाय. अशी एक तार्देआदा पुन्हा घडवून आणायची. एवढं पाहून कुठल्या माणसाचा पाय मिनेसोटाकडे वळेल?

हेल्डरचा गुत्ता शंभरावर वर्षं उभा आहे. कशावर उभा आहे, हे तज्ज्ञांना अजून सांगता आलेलं नाही. दाराशी 'ऐतिहासिक वास्तू' अशी एक पितळी पाटी आहे. ती लागल्यापासून या इमारतीत खिळा ठोकायचा नाही, ठोकलेला काढायचा नाही, आणि छप्पर गळलं तर ते पूर्वापार पद्धतीनेच गळू द्यायचं, असा नियम आहे. मालकीण मिस लोरीन हेल्डर. तिच्या जर्मन आजोबांनी हा गुत्ता बांधला, पण तिचं स्पॅनिश माझ्यापेक्षा चांगलं आहे, विशेषतः शिव्यांच्या भागात. तिच्याकडे मी नाचासाठी एका रविवारची दुपार मागितली.

"मास्तर," ती ग्लास पुसता पुसता म्हणाली (मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचो, गाव मला त्याच नावाने ओळखतं), "अकॉर्डियन हे वाद्यच इथे आमच्या आजोबांनी जहाजातून आणलं होतं. तुम्ही स्पॅनिशवाल्या लोकांनी ते घेतलंत आणि परत दिलं नाहीत."

"तुम्ही मागितलं नाहीत," मी म्हणालो.

यावर ती हसली, म्हणून मी होकार धरला. तो होकार नव्हता. मागच्या खेपेला शहरातून एक तरुण मंडळी कर्णे घेऊन आली होती आणि त्यांच्या आवाजाने भिंतीवरचं हरणाचं ऐतिहासिक मुंडकं एका गिऱ्हाइकाच्या बिअरमध्ये पडलं होतं. त्यामुळे आता कर्णे बंद, आणि नगरपालिकेचा परवाना असल्याशिवाय वाद्य आत आणायचं नाही.

नगरपालिकेच्या खिडकीपलीकडे सुलेमा बसली होती. ती माझी विद्यार्थिनी. तिने मला बसायला सांगितलं आणि विचारलं, "सर, कार्यक्रम मैफल म्हणून हवा की नाच म्हणून?"

मी फरक विचारला. मैफल असेल तर आगीच्या बंबवाल्यांनी येऊन दारं तपासायची. नाच असेल तर जमीन नाचणाऱ्यांचा भार सोसेल असं अभियंत्याने लिहून द्यायचं. दोन्ही असेल तर प्रकरण वारसा समितीपुढे जातं. वारसा समिती वर्षातून मोजक्या वेळा भरते, आणि तिची पुढची बैठक होईपर्यंत ताचो मिनेसोटात बर्फ उपसत असणार होता. मी सुलेमाला नागरिकांचे हक्क या विषयावर दोन शब्द सांगितले. दोनाचे बरेच झाले. मागे रांग लागली. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, हे सगळं तुमच्याच धड्यात होतं. 'परवाने कशासाठी' म्हणून. त्यात तुम्ही मला नापास केलं होतं."

मी उठलो. माझा चेहरा पाहून तिला दया आली असावी. ती खिडकीतून वाकून म्हणाली, "घरगुती समारंभ असेल तर काहीच लागत नाही. लग्न, बाप्तिस्मा, असलं काही."

त्या दिवशी मी घरी आलो तो विचार करतच. माझ्या घराच्या दुसऱ्या बाजूला बाल्देमार राहतो. तो जन्मभर एअर कंडिशनर दुरुस्त करत होता आणि आता निवृत्त होऊन माणसं दुरुस्त करतो. माझी अडचण ऐकून, सल्ला विचारायच्या आतच तो म्हणाला, "मयत दाखव. सगळ्यात सोपं. परवाना नाही, गर्दी आपोआप होते, आणि आवाज झाला तरी कोणी तक्रार करत नाही."

"कुणाची मयत?"

त्यावर त्याने माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. एखादं जुनं यंत्र आणखी किती उन्हाळे काढेल याचा अंदाज घेताना तो तसाच पाहायचा.

शेवटी तोडगा एनेदिनाने काढला. "आपल्या लग्नाचा सुवर्णमहोत्सव करू."

"त्याला अजून सात वर्षं आहेत."

"सात वर्षांनी तू असशील याची हमी दे म्हाताऱ्या, मग थांबते."

मला हमी देता आली नाही. माझा अंदाज होता की हा सुवर्णमहोत्सव म्हणजे दारावर लावायचा एक कागद, बाकी कार्यक्रम ताचोचा. पण आमच्या लोकांत समारंभ एकट्याने करायची रीत नाही. प्रत्येक वस्तूला एक पाद्रिनो लागतो, म्हणजे मानाने तो खर्च उचलणारा. केकचा पाद्रिनो, फुलांचा पाद्रिनो, गुडघे टेकायच्या उशांचा पाद्रिनो. एनेदिनाने चर्चमध्ये एका चुलतबहिणीच्या कानात सांगितलं, आणि आठवडा संपायच्या आत फुग्यांचासुद्धा पाद्रिनो ठरला. फादर आमच्या गावात नवीन होते, त्यांना आनंद झाला; शपथा पुन्हा म्हणवून घेतो म्हणाले. औषधाच्या दुकानातला माणूस एनेदिनाला म्हणाला, "पन्नास वर्षं? वाटत नाही हो." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "वाटतात." एनेदिनाने नवा पोशाख शिवायला टाकला. ज्या बाईला माझ्यापायी एका कुंपणापलीकडच्या संगीतासाठी खोटं बोलावं लागलं होतं, ती आता खरोखरच नवरी झाली होती, आणि तिला हे सगळं नाटक आहे याची आठवण करून द्यायची माझी छाती झाली नाही.

ताचोला वाजवायला सांगायचं कसं, हा प्रश्न होताच. सांगणं म्हणजे मागणं. पण तोच एके दिवशी कुंपणापाशी आला. बातमी आल्यापासून पहिल्यांदा. हातात टोपी होती.

"सुवर्णमहोत्सव ऐकतोय, कोंपाद्रे," तो म्हणाला. "वर्षं कशी भरभर जातात."

"जातात खरी."

"दुसऱ्या कुणाला वाजवू दिलंत तर मी बोलणार नाही तुमच्याशी." आणि तो वळून आत गेला. त्याच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. पत्ते खेळतानाही त्याच्या चेहऱ्यावर काही नसतं, म्हणून मी त्याच्याशी खेळत नाही.

आता राहिले बाकीचे ससाणे. ड्रमवाला केव्हाच देवाघरी गेला होता. बाहो वाजवणारा, म्हणजे ती बारा तारांची घुमणारी गिटार, तो निएवेस ओलिवारेस मात्र जिवंत होता. पण त्याला मधल्या काळात प्रभू भेटला होता. तो हालेलुयावाल्यांच्या चर्चमध्ये जातो आणि जिथे बिअर विकतात तिथे पाऊल ठेवत नाही. मी त्याच्या घरी गेलो. त्याने मला सरबत दिलं आणि माझ्यासाठी प्रार्थना केली. मी बाहोचा विषय काढला. त्याने पुन्हा प्रार्थना केली. पण मी निघताना पाहिलं, बाहो दिवाणखान्यातच होता, आणि त्याच्यावर धुळीचा कण नव्हता.

दुसऱ्या भेटीत मी विचारलं, पाऊल म्हणजे नक्की काय? त्याने त्याच्या पास्टरांना विचारलं. पास्टर म्हणाले, पाऊल म्हणजे पाऊल. मग मी मिस लोरीनला विचारलं, पुढची पडवी गुत्त्यात धरायची की रस्त्यात? तिने सांगितलं, पडवी तिच्या वडिलांनी नंतर जोडली, ती पाटीत येत नाही. असं करत करत ठरलं की निएवेसने पडवीत, उघड्या खिडकीबाहेर खुर्ची टाकून बसायचं. बाहोचं तोंड आत, निएवेसचं तोंड रस्त्याकडे. प्रभूला काही दिसायलाच हवं असेल तर ते रस्त्यावरच्या मोटारी.

ड्रमला बाल्देमार आपणहून तयार झाला. शाळेत असताना तो फुटबॉलच्या सामन्यांत ताफ्याबरोबर ड्रम वाजवत चालायचा. मी म्हटलं, इथे चालायचं नाही, बसायचं आहे. तो म्हणाला, तेवढाच फरक.

रविवार उजाडला. गुत्त्यात केक दोन आले, कारण केकच्या दोन पाद्रिनोंनी एकमेकांशी बोलणं सोडलेलं आहे आणि ते मला कुणी सांगितलं नव्हतं. एनेदिनाच्या पोशाखाकडे सगळे पाहत राहिले, मीसुद्धा. फादरनी आम्हाला उशांवर गुडघे टेकायला लावले. शपथा झाल्या. एनेदिना उठली. मी उठलो नाही, कारण उठता येईना. मंडळींना वाटलं मी प्रार्थनेत आहे, आणि सगळे आदराने गप्प उभे राहिले. त्या शांततेत पडवीतून निएवेस 'आमेन' म्हणाला. शेवटी उशांच्या पाद्रिनोने मला काखेत हात घालून उभा केला. लोकांच्या मनातली माझी धार्मिक प्रतिमा तेव्हापासून खूपच उंचावली आहे, गुडघे मात्र तिथेच आहेत.

मग ताचोने अकॉर्डियनचे पट्टे खांद्यावर चढवले.

मी हे सगळं हसत हसत सांगतो आहे, पण पहिला सूर निघाला तेव्हा मी केक कापायची सुरी हातात घेऊन उभा होतो आणि ती खाली ठेवायचं मला सुचलं नाही. एक महिना मी तो आवाज ऐकला नव्हता. माणसाला महिनाभर एखादी गोष्ट मिळत नाही आणि तो जगतो, जेवतो, नगरपालिकेत भांडतो. आणि मग ती समोर येते तेव्हा कळतं की आपण उपाशीच होतो. ताचोने एक ओळ वाजवली आणि थांबला. खिडकीबाहेरून बाहोने त्याला उत्तर दिलं. दोघं एकमेकांना दिसत नव्हते. ताचो खिडकीकडे पाहून थोडा हसला आणि निएवेस, रस्त्याकडे तोंड करून, काय करत होता ते प्रभूला ठाऊक.

बाल्देमारने मग ड्रमला हात घातला. निघाली ती परेड. पोल्का असो, वाल्स असो, त्याच्या हातात सगळं मैदानाकडेच निघायचं. पण आमचे लोक समजूतदार. मिस लोरीन गल्ला सोडून बाहेर आली, तिने आमच्या औषधवाल्याला धरलं आणि पहिली फेरी घेतली. मग सगळेच उतरले. जमीन कुरकुरली, अभियंता नव्हता, म्हणून तिने सोसून घेतलं. आमच्याकडे नाच घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. त्यामुळे कुणी तरुण झाल्याचं ऐकिवात नाही, पण त्या दुपारी एनेदिनाला धरून त्या रांगेत फिरताना मला काही फेऱ्यांपुरती शंका आली. तेवढ्यात मी तिच्या पायावर पाय दिला.

"दुसरा राहिलाय," ती म्हणाली.

एका वाल्समध्ये ताचोने सूर असा काही ओढून धरला की पडवीतून निएवेसच्या तोंडून एक लांबलचक आरोळी निघाली. नाच रंगला की आमच्याकडे अशी आरोळी कुणाच्याही पोटातून उठते. तिला ना शब्द, ना धर्म. सगळं सभागृह खिडकीकडे वळलं. बऱ्याच वेळाने बाहेरून "हालेलुया" असं ऐकू आलं, पण तोवर उशीर झाला होता.

मी मात्र नाचताना प्रत्येक फेरीला ताचोकडे पाहत होतो. तो इतकं सुंदर वाजवत होता. लोक त्याच्या पाठीवर हात ठेवून जात होते. त्याचे डोळे मिटलेले. मला वाटलं, झालं, जमलं. हा आता कसला जातो. शेवटचं गाणं संपलं. ताचोने अकॉर्डियन पेटीत ठेवलं, पेटीच्या दोन्ही कड्या लावल्या आणि वरून पट्टा आवळून बांधला. घरी ओसरीवर तो कधीच पट्टा बांधायचा नाही. लांबच्या प्रवासाला निघालेला माणूसच पट्टा बांधतो.

गुत्त्यामागे पेकानच्या झाडाखाली एक बाक आहे. तिथे तो बिअरच्या दोन बाटल्या घेऊन आला आणि माझ्याशेजारी बसला.

"तुमच्या लग्नात मीच वाजवलं होतं, कोंपाद्रे," तो म्हणाला. "मला मोजता येतं."

मी बाटलीकडे पाहिलं. "मग बोलला का नाहीत?"

"एनेदिनाबाईंचा पोशाख पाहिला. कोण बोलणार."

आतून कुणीतरी फुगे फोडत होतं. फुग्यांच्या पाद्रिनोचा आवाज चढला होता.

"संध्याकाळचं वाजवणं मी का सोडलं, माहीत आहे?" ताचो म्हणाला. "तुम्ही तिथे नळी घेऊन उभे असायचात. एक दिवस तुम्ही 'राहता का' म्हणून विचाराल, अशी धास्ती बसली होती. विचारलं असतं तर राहावं लागलं असतं. मग अरासेलीला काय तोंड दाखवलं असतं मी?"

"म्हणूनच नाही विचारलं."

"हो. कळलं मला." त्याने बाटली दोन्ही हातांत फिरवली. "विचारलं नाहीत, ते बरं केलंत." आणि मग, माझ्याकडे न पाहता, "महिनाभर रोज दाराआड उभा राहून ऐकत होतो, विचारताय का म्हणून."

आम्ही दोघांनी बिअर संपवली. कोंपाद्रेंनी यापुढे बोलायची रीत नाही.

ताचो ठरल्या दिवशी गेला. अरासेली न्यायला आली होती, तिने मला मिठी मारली आणि म्हणाली, "बाबांनी सांगितलं, तुमचा सुवर्णमहोत्सव काय झकास झाला." मी म्हटलं, हो, सात वर्षांनी पुन्हा करणार आहोत, तेव्हा वाजवायला त्यांना घेऊन ये. ती हसली. तिला ती थट्टा वाटली. मोटारीत मागच्या बाजूला बसलेल्या ताचोने मात्र टोपीला हात लावला. आता सात वर्षं तब्येत सांभाळणं आलं. नळीला पाणी असो वा नसो, मी रोज परसात दोन फेऱ्या जास्त मारतो, घड्याळाच्या उलट दिशेने.

बाल्देमारला आपल्या यशाची खात्री पटली आहे. त्याने स्वतःचा ड्रम घेतला. संध्याकाळी डावीकडून परेड सुरू होते आणि उजवीकडे ताचोच्या ओसरीवर रिकामी खुर्ची असते. ती खुर्ची न्यायची राहिली, की ठेवून गेला, हे मी विचारलेलं नाही. बाल्देमार दर काही ठोक्यांनी एकदा थांबतो. तेवढी जागा अकॉर्डियनसाठी सोडायची, हे ताचोने त्याला त्या दुपारी शिकवलं होतं, आणि इतकी एकच गोष्ट त्याला बिनचूक जमते. तो थांबला की मी नळीचं पाणी बंद करतो. त्या जागेत पाण्याचा आवाज बरा वाटत नाही.